आमच्या हॉलमधलं ब्रसेल्स

मी तीस वर्षं टेक्ससमधल्या हायवेंचे पूल डिझाइन केले. पुलाच्या नशिबी कौतुक नसतं; पडला नाही म्हणजे झालं. लोक त्यावरून भरधाव जातात आणि खाली खांब आहेत की नाहीत हे बघायला एकाचीही मान वळत नाही. त्यामुळे असेल, पण नटव्या इमारतींबद्दल माझ्या मनात कायम आकस होता. दगडाचे इतके लाड कशाला, असं वाटायचं.

हा आकस गेल्या जुलैमध्ये, एका रविवारी सकाळी, पाच मिनिटांत संपला. माझ्या नवऱ्यानं फोनवरचा एक फोटो टीव्हीवर टाकला. नवरा भूलतज्ज्ञ; जन्मभर लोकांना झोपवून आता निवृत्तीनंतर स्वतः झोपण्याचा अभ्यास करतो. फोटो मुलीनं पाठवलेला होता. ब्रसेल्सच्या मोठ्या चौकात ती हातात कॉफीचा कागदी कप घेऊन उभी होती आणि तिच्यामागे तिथलं जुनं नगरभवन होतं. मी चहा घेऊन सोफ्यावर बसले होते ती उठून टीव्हीपाशीच गेले.

"अहो, हे दगडात केलंय!"

"मग कशात करणार?" नवरा म्हणाला.

त्याला काय कळणार! सहाशे वर्षांपूर्वीचं काम. क्रेन नाही, काँक्रीट नाही, कॅल्क्युलेटर नाही, आणि मनोरा असा वर गेलेला की बघता बघता दगड कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळेना. वरच्या टप्प्यात तर नुसती जाळी. तेवढ्या उंचीवर भिंत भरीव ठेवली असती तर वारा अडला असता, वजन वाढलं असतं. म्हणून त्या लोकांनी दगडाला भोकं पाडून वाऱ्याला वाट करून दिली होती. वर ते देखणंही दिसावं याची सोय केली होती! मी टीव्हीच्या काचेला नाक लावून जाळ्या मोजायला लागले. माझा चहा गार झाला, आणि मला कळलं की आपण आनंदात आहोत. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

त्या महिन्यांबद्दल आधी सांगायला हवं.

आमची मुलगी इथेच, टेक्ससमधल्या प्लेनो गावात जन्मली आणि वाढली. शिकली आर्किटेक्चर, पण त्यातही जुन्या इमारतींची डागडुजी. प्लेनोतली सगळ्यात जुनी वास्तू म्हणजे आम्ही दोघं, तेव्हा ती कामासाठी युरोपात गेली याचं नवल नव्हतं. दोन वर्षांचं काम होतं. जानेवारीत तिचा फोन आला. "आई, मला इथे पर्मनंट जॉब मिळालाय. आय ॲम स्टेइंग."

माझ्या नाकावर राग आधीच बसलेला असतो, त्याला बोलवावं लागत नाही. मी म्हटलं, "आम्ही सगळं सोडून सांगलीहून इथे आलो, ते तू हे सोडून जावंस म्हणून?"

ती म्हणाली, "तू पण गेलीस ना आई. डिड युअर मॉम येल ॲट यू?"

मी फोन बंद केला. कारण माझी आई मला एका शब्दानंही बोलली नव्हती. एसटी स्टँडवर ती फक्त मेतकुटाच्या डब्याबद्दल बोलत राहिली होती. झाकण घट्ट लाव, विमानात उघडू नकोस, ओला चमचा घालू नकोस. हे सगळं मला फोन बंद करताना आठवत होतं, म्हणूनच तो बंद केला.

त्यानंतर आमचं बोलणं हवापाण्यावर आलं. एप्रिलमध्ये तिनं दोघांना तिकडे बोलावलं, तेव्हा मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. दर रविवारी ती त्या चौकातला एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकायची. नवरा दोन ओळी लिहायचा. मी फोटो मोठा न करताच खाली एक अंगठा चिकटवून द्यायचे. मला ते शहर बघायचंच नव्हतं. माझी लेक घेऊन बसलेलं शहर मी का म्हणून कौतुकानं बघावं?

जूनच्या शेवटी तिनं बापाला कळवलं की गणपतीला येते. आमचा गणपती दीड दिवसाचा, आणि तिचं तिकीट तीन रात्रींचं. "आणि ख्रिसमसला?" नवऱ्यानं विचारलं. "बघू," ती म्हणाली. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही' हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. मुलगी हातची चालली होती, आणि घालवत मीच होते.

म्हणून त्या रविवारी टीव्हीसमोर उभी असताना मी जाहीर केलं, "यंदाचं मखर हेच करायचं."

"माफी मागितलीस तर मखराचा फोम बोर्ड वाचेल," नवरा म्हणाला.

"तुम्ही झोपा," मी म्हटलं. माफी मागणं मला जमत नाही. बांधणं जमतं.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली. त्याच दिवशी गाड्या गॅरेजमधून बाहेर काढल्या, दोन घडीची टेबलं मांडली, ग्राफ पेपर पसरला आणि फोटोवरून मापं घ्यायला बसले. इथेच मी घोळ घातला, आणि घोळ घालताना मला कमालीचं हुशार वाटत होतं. फोटोत मनोऱ्याच्या डावीकडची इमारत लांब होती आणि उजवीकडची आखूड. मी ताबडतोब ओळखलं की हा कॅमेऱ्याचा खेळ. फोटो तिरका काढलाय, त्यामुळे लांबची बाजू आक्रसलेली दिसतेय. मी पट्टी लावली, कोन काढले, त्रैराशिकं मांडली आणि ती 'चूक' दुरुस्त केली. डावीकडे जितक्या कमानी, तितक्याच उजवीकडे. शिवाय मनोऱ्याखालच्या दारात गणपती बसणार होता, आणि मखरात गणपती मधोमध असतो हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा? माझं गणित आणि माझा गणपती, दोघंही एकच सांगत होते. शंका यायला जागाच नव्हती.

नवरा एकदा डोकावला. "उजवीकडे जरा कमी नाही का दिसत फोटोत?"

"तुम्ही भूल द्या. इमारतीत पडू नका."

दुसरे फोटो उघडून बघायचे कष्ट मी घेतले नाहीत. ते कष्ट घेतले असते तर सहा महिने आपण काय केलं हेही बघावं लागलं असतं.

पण ते सात आठवडे! लग्नानंतर आम्ही दोघं इतके गुंग होऊन एका कामात कधी पडलो नव्हतो. ऑगस्टमध्ये टेक्ससमधलं गॅरेज म्हणजे तंदूर असतो. म्हणून पहाटे पाचला उठून नऊपर्यंत काम करायचं आणि मग आत येऊन ताक प्यायचं. फोम बोर्डाच्या भिंती, कागदाच्या जाळ्या, बांबूच्या काड्यांचे कोपऱ्यांवरचे बुरूज. ग्लू गननं माझी तीन बोटं भाजली. ज्या गुडघ्यांना ब्रसेल्सचा प्रवास झेपणार नव्हता ते दिवसातून वीसदा शिडी चढत होते, आणि नवरा ते बघून काही बोलत नव्हता. बोलला असता तर शिडीवरून ऐकावं लागलं असतं, हे त्याला माहीत होतं.

त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडी पुतळेच पुतळे आहेत. ते नवऱ्यानं केले. मीठ घालून मळलेल्या मैद्याचे, बोटाएवढे, ओव्हनमध्ये मंद भाजलेले. इतक्या वर्षांत सुईनं शीर शोधणारा हात, त्यामुळे काम नाजूक. फक्त सगळ्या सरदारांचे आणि संतांचे चेहरे त्याच्या थोरल्या भावासारखे आले. "एका कुटुंबाची मक्तेदारी दिसतेय शहरावर," मी म्हटलं. तो तीन दिवस फुरंगटला आणि मग त्यानं चाळीस नवीन करून आणले. तेही भावासारखेच!

मनोऱ्याच्या टोकावर काय आहे ते फोटोत नीट दिसत नव्हतं. काहीतरी सोनेरी चमकत होतं. सोनेरी आणि टोकावर, म्हणजे कळस. मी तांब्याच्या छोट्या लोटीला सोनेरी रंग दिला आणि वर बसवली. आमच्या हॉलचं छत दोन मजले उंच आहे. थंडीत ते तापवताना मी नेहमी बिल्डरचा उद्धार करते, पण यंदा त्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. नऊ फुटी मनोरा गॅरेजमधून आडवा करून, वरात निघावी तसा, आम्ही आत आणला आणि फायरप्लेससमोर उभा केला. दोन्ही बाजूंना चार-चार फुटांच्या भिंती जोडल्या, आतून दिवे लावले. खिडक्या उजळल्या तशी मी टाळ्या पिटल्या. साठी उलटलेली बाई, स्वतःच्याच कामाला टाळ्या पिटत होते.

मुलगी शुक्रवारी दुपारी आली. एअरपोर्टवर आम्ही एकमेकींना एका खांद्यानं मिठी मारली. गाडीत हवापाणी झालं. तिकडे पाऊस, इकडे ऊन. मला मात्र बारावीचा निकाल लागायचा असल्यासारखं वाटत होतं. मखरावर मी दोन जुन्या साड्या टाकून ठेवल्या होत्या. ती बॅग ठेवून हॉलमध्ये आली, नवऱ्यानं दिव्यांचं बटण दाबलं आणि मी साड्या ओढल्या.

तिचा हात तोंडावर गेला. ती पुढे झाली, कमानींवरून हळूच बोट फिरवलं, जाळीतून आत बघितलं. "ओ माय गॉड. आई. तू केलंस हे? हे सगळं?" मग चार पावलं मागे गेली, पूर्ण इमारत नजरेत घेतली, आणि हसायला लागली. साधंसुधं नाही. खाली फरशीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.

"काय झालं?" माझा आवाज चढला.

"यू फिक्स्ड इट! आई, तू ते सरळ केलंस! अगं, तो टॉवर मध्ये नाहीच आहे. राइट साइड खरंच शॉर्ट आहे. सगळं शहर त्यावर जोक करतं. लोक म्हणतात, बांधणाऱ्यानं शेवटी ते बघितलं आणि वरून उडी मारली."

"मारलीच पाहिजे," मी म्हटलं. पण माझे कान तापले होते.

"खोटं आहे ते. सगळं एकदम बांधलंच नाही ना. आधी लेफ्ट साइड झाली, राइट साइड बऱ्याच वर्षांनी. तिथे तेवढी जागा नव्हती. जेवढी मिळाली तेवढ्यात केली." हसू तिच्या चेहऱ्यावर अजून होतं, पण उतरत चाललं होतं. ती मखराकडेच बघत म्हणाली, "मी किती फोटो पाठवले, आई. सगळ्या साइड्सनी. दर संडेला." आणि मग हळू आवाजात, "तू उघडलेच नाहीस ना?"

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला. शहाणा माणूस.

मी सहज म्हणू शकले असते की उघडले, पण चष्मा नव्हता. पण समोर नऊ फुटी पुरावा उभा होता, दोन्ही बाजूंनी सारखा. "नाही," मी म्हटलं. "एकच बघितला. तोही बाबांनी दाखवला म्हणून."

"का पण?"

"भीती वाटत होती. तुला तिथे आनंदात बघितलं की तू परत येणार नाहीस हे कळेल, अशी. राग नव्हता गं. मी रागावते तेव्हा बऱ्याचदा घाबरलेलीच असते." हे वाक्य मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही. बोलून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं आणि रडूही आलं, आणि रडू दाखवायचं नव्हतं म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन कटर घेऊन आले.

"आई, नको! इट्स ब्यूटिफुल. राहू दे."

"चुकीचं बांधलंय हे कळल्यावर मी ते कधी उभं ठेवलेलं नाही. सांग, कुठून कापू?"

मग ते पुढचे चार तास! मुलीनं फोनवर सगळे रविवार एकेक करून उघडले. उन्हातला चौक, पावसातला चौक, फुलांचा गालिचा घातलेला चौक. प्रत्येक फोटोशी ती मला काही सांगत होती. ह्या दुकानातून ब्रेड घेते, ह्या गल्लीतून ऑफिसला जाते, इथे एकदा सायकलवरून पडले. पडल्याचं मला माहीतही नव्हतं. मी ऐकत होते आणि मोजत होते. उजव्या भिंतीचा चांगला एक-तृतीयांश भाग कापून काढायचा, टोकाचा बुरूज तेवढा आत सरकवायचा आणि पुन्हा जोडायचा, असं ठरलं. तिनं खूण करायची, मी कापायचं. नवऱ्याचे अकरा सरदार बेघर झाले, त्यांना तिनं डाव्या भिंतीवर दाटीवाटीनं जागा करून दिली. बोटं चिकटत होती, दोघी एकमेकींवर ओरडत होतो, आणि ते ओरडणं किती गोड होतं म्हणून सांगू! ती हुबेहूब माझ्यासारखी ओरडते. कळसाकडे बघून म्हणाली, "तिथे खरं तर एक एंजल आहे, तलवारवाला, पायाखाली राक्षस."

"म्हणजे आपल्या देवीसारखंच की. बदलू?"

"नको, कळस असू दे. ब्रसेल्सवाल्यांना सांगेन मी."

काम संपलं आणि नवीन पेच पडला. मनोरा आता मधोमध नव्हता, म्हणजे गणपतीही नव्हता. अख्खी इमारत इकडे-तिकडे सरकवूनही उपयोग नव्हता, दार तिच्या मधोमध येणारच नव्हतं. नवऱ्यानं चौरंग उचलून दोनदा मध्ये ठेवून बघितला, तर गणपती दार सोडून भिंतीला पाठ लावून बसलेला दिसायला लागला, बस चुकलेल्या प्रवाशासारखा. शेवटी मीच सांगितलं, दारातच बसू दे. शनिवारी सकाळी नवऱ्यानं फोनवर मंत्र लावून प्रतिष्ठापना केली. बाप्पा उजवीकडे वीतभर सरकून बसले आणि त्यांची काही तक्रार दिसली नाही.

तक्रार आली ती संध्याकाळी दर्शनाला आलेल्या मंडळींची. चाळीस जण होते. मखर बघून आधी सगळे 'वा!' म्हणायचे, आणि ते ऐकून मी दोन इंच वाढायचे. पण आपला मराठी माणूस 'वा'वर थांबत नाही. "वहिनी, सगळं झकास, पण गणपती मध्ये नाही आला हं." "काकू, मेजरिंगमध्ये मिस्टेक झाली का?" एका निवृत्त इंजिनिअर काकांनी तर खिशातून फोन काढला, मखराचा फोटो घेतला, दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "पाऊण फूट आउट आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी मोदकांचं ताट घेऊन उभी होते आणि त्यांना चांगलं सुनावणार होते.

त्याआधी मुलगी बोलली. हिरवी साडी, तिला दहा ठिकाणी पिना, आणि दोन शब्द मराठी तर दोन इंग्रजी. पण हे वाक्य तिनं पूर्ण मराठीत म्हटलं. "नाही काका, चुकलं नाहीये. आमच्याकडे असंच आहे."

आमच्याकडे. चाळीस वर्षं मी या देशात 'आमच्याकडे' म्हणते ते सांगलीबद्दल. आमच्याकडे मोदकाला इतक्या कळ्या पाडतात, आमच्याकडे आरती अशी म्हणतात. आणि ती 'आमच्याकडे' म्हणायची ते या घराबद्दल, शाळेत असल्यापासून. ताट हातात जड झालं. तिनं ते सहज म्हटलं होतं, मला लागावं म्हणून नाही. म्हणूनच लागलं.

काकांना अर्थातच कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. "आमच्याकडे म्हणजे? सांगलीला आहे का असं काही?"

चार-पाच जण हसले. मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि आता मी काय म्हणणार याची तिला भीती वाटत होती. माझ्या बोलण्याची भीती मी तिच्या चेहऱ्यावर इतक्या जवळून कधी बघितली नव्हती.

"सांगलीला नाही, ब्रसेल्सला," मी म्हटलं. "तिचं घर आहे तिथे."